न्यायासनावरून वकिलातींत

'वकील' हा शब्द उच्चारला म्हणजे आज आपल्या डोळ्यांपुढें काळा डगला घातलेला, काखेंत कागदांचें बाड घेतलेला कोर्टांतील गृहस्थ उभा राहतो. पेशवाईंत या शब्दाचा अर्थ निराळा होता. दिल्लीच्या दरबारीं मराठ्यांच्या वतीनें हिंगणे घराण्यांतील मंडळी राहत. निजामाच्या दरबारीं गोविंदराव काळे राहत. त्यांना वकील म्हणत. दरबारांत बसावें, चार लोकांचें ऐकावें, आपल्या धन्याचें म्हणणें योग्य वेळीं योग्य शब्दांत मांडावें, आणि जें पाहिलें-ऐकलें तें पुण्यास लिहून धाडावें, हें त्यांचें काम. पुढें हा शब्द कोर्टांतच कायमचा वस्तीला गेला. परंतु परदेशांतील राजदूताच्या कचेरीस आपण अजूनही 'वकिलात' म्हणतों, त्यांत तो जुना अर्थ शिल्लक राहिला आहे.

मी कायदेपंडित नव्हें. मॅट्रिक होऊन अध्यापनाचा वर्ग केला आणि अडतीस वर्षें मुलांना इतिहास व नागरिकशास्त्र शिकवलें, एवढीच माझी विद्या. एकदां सातवीच्या वर्गांत मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश महंमद करीम छागला हे पुढें अमेरिकेंत भारताचे राजदूत झाले, असें मीं सांगितलें. तेव्हां मागच्या बांकावरील एका मुलानें विचारलें, "गुरुजी, मग ही त्यांची बढती झाली कीं उतरती?" वर्ग हंसला. मीही हंसलों आणि पुढच्या धड्याकडे वळलों. उत्तर मला आलें नव्हतें, हें खरें कारण. तो प्रश्न माझ्याबरोबर घरीं आला व पुष्कळ वर्षें तेथेंच राहिला. आज त्याचें उत्तर देण्याचा प्रयत्न करतों.

प्रथम, राजदूत नेमावयाचा म्हणजे काय करतात, तें थोडक्यांत पाहूं. एका देशाच्या सरकारनें एखादें नांव मनांत धरलें, तरी तें लगेच जाहीर करीत नाहींत. ज्या देशांत त्याला पाठवावयाचें, त्या देशाला आधीं गुपचूप विचारतात कीं, हा गृहस्थ तुम्हांस चालेल काय? त्या देशानें नकार दिला, तर त्याचें कारण सांगण्याचें त्यावर बंधन नसतें. पुष्कळ काळ चालत आलेली ही रीत १९६१ सालच्या व्हिएन्ना येथील करारानें लेखी झाली. होकार आल्यावर नेमणूक जाहीर होते. मग आपल्या राष्ट्रपतींच्या सहीचें पत्र घेऊन तो गृहस्थ त्या देशाच्या प्रमुखापुढें जातो, तें पत्र त्यांच्या हातीं देतो, आणि तेथून त्याचें काम रीतसर सुरू होतें. अमेरिकेंत याखेरीज आणखी एक पायरी आहे. अध्यक्षांनीं सुचविलेल्या माणसास तेथील सीनेटची संमति लागते. सभासद त्याला समोर बसवून उघड प्रश्न विचारूं शकतात. आपल्याकडे ही पायरी नाहीं. सरकारनें ठरविलें कीं ठरलें. हा फरक श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें त्याची गरज पडेल.

आतां या कामास वकील माणूस कां चालतो, हें सांगण्यास फार विद्वत्ता नको. अशिलाचें म्हणणें आपलें मानून मांडणें, समोरच्याचा मुद्दा त्याच्या तोंडून बाहेर पडण्यापूर्वींच ओळखणें, करारांतील एका शब्दासाठीं रात्र जागणें, हें त्याच्या अंगवळणीं पडलेलें असतें. न्यायाधीशाचें मात्र तसें नाहीं. दोन्ही बाजूंचें ऐकून घेण्याची संवय, मोजकें बोलण्याची संवय, कागद स्वतः वाचल्यावांचून मत न बनविण्याची संवय, या तीन गोष्टी राजदूतास फार उपयोगी पडतात. पण न्यायासनावरच्या दोन संवयी त्यानें दारांतच टाकून आलें पाहिजे. न्यायाधीशाचें कोर्टांत कोणी मध्येंच तोडत नाहीं. राजदूताला दुसऱ्याच्या बैठकीबाहेर ताटकळत बसावें लागतें. न्यायाधीशाच्या हातीं शेवटचा शब्द असतो. राजदूताच्या हातीं तो कधींच नसतो. शिवाय न्यायाधीश स्वतःच्या बुद्धीला पटेल तें लिहितो, तर राजदूताला आपल्या सरकारनें ठरविलेलें सांगावें लागतें, मग रात्रीं एकट्याला त्याबद्दल काय वाटतें तें वाटो.

महाभारतांत श्रीकृष्ण पांडवांच्या वतीनें हस्तिनापुरास गेला, त्याला आपण 'कृष्णशिष्टाई' म्हणतों. तेथें त्याला न्याय कोणाच्या बाजूस आहे हें पुरेपूर ठाऊक होतें. पण तो निकाल देण्यास गेला नव्हता, तडजोड मागण्यास गेला होता. पांच गांवांवर समाधान मानण्याची तयारी दाखविणें हें न्यायाधीशाचें काम नव्हे. तें वकिलाचें, जुन्या अर्थानें वकिलाचें, काम आहे.

छागला यांचा जन्म ३० सप्टेंबर १९०० रोजीं मुंबईंत झाला. शिक्षण सेंट झेवियरमध्यें, पुढें ऑक्सफर्डच्या लिंकन कॉलेजांत, विषय इतिहास. १९२२ सालीं बॅरिस्टर होऊन ते मुंबईस परत आले आणि महंमदअली जिना यांच्या हाताखालीं कांहीं वर्षें काम करूं लागले. जिना त्या वेळीं मुंबईचे नामांकित बॅरिस्टर होते. पुढें दोघांच्या वाटा फुटल्या. १९२८ च्या नेहरू अहवालावरून जो वाद झाला, त्यांत छागला संयुक्त राष्ट्रवादाच्या बाजूनें राहिले आणि गुरूपासून दूर झाले. १९४१ सालीं ते हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. १९४७ च्या ऑगस्टांत, देश स्वतंत्र झाला तेव्हां, त्याच कोर्टाचे मुख्य न्यायाधीश झाले आणि अकरा वर्षें त्या आसनावर राहिले.

या अकरा वर्षांतील एक गोष्ट महाराष्ट्रानें विसरूं नये. ज्या दालनांत जुलै १९०८ मध्यें लोकमान्य टिळकांना राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची शिक्षा सुनावण्यांत आली, त्याच दालनाबाहेर १९५६ सालीं टिळकांच्या त्या वेळच्या उद्गारांची शिळा बसविण्यांत आली. तिचें अनावरण मुख्य न्यायाधीश या नात्यानें छागला यांनीं केलें. एका न्यायालयानें आपलाच जुना निकाल चुकला होता असें दगडांत कोरून सांगावें, ही साधी गोष्ट नव्हे.

सरकारविरुद्ध निकाल देण्यास हें कोर्ट कचरत नव्हतें. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यांतील कांहीं कलमें १९५० सालीं या कोर्टानें घटनेला धरून नाहींत म्हणून रद्द ठरविलीं. सुप्रीम कोर्टानें नंतर त्यांतील कांहीं पुन्हा उचलून धरलीं, ही गोष्ट वेगळी. सांगावयाचें इतकेंच कीं, सरकारचें आवडतें कामही येथें तपासून घेतलें जाई.

१९५८ सालीं तर याहून मोठी परीक्षा झाली. सरकारी आयुर्विमा महामंडळानें हरिदास मुंधडा या उद्योगपतीच्या कंपन्यांचे सुमारें सव्वा कोट रुपयांचे भाग खरेदी केले होते. फिरोज गांधी यांनीं लोकसभेंत हें प्रकरण धसास लावलें. चौकशीसाठीं छागला यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला. त्यांनीं ती चौकशी मुंबईंत उघड्यावर चालविली. ऐकण्यास इतकी गर्दी लोटली कीं बाहेर ध्वनिक्षेपक लावावे लागले. थोड्याच आठवड्यांत अहवाल तयार झाला. मंत्र्याच्या खात्यांत जें घडतें त्याची जबाबदारी मंत्र्यालाच घ्यावी लागते, सचिवाकडे बोट दाखवून ती टाळतां येत नाहीं, असा त्याचा आशय होता. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना फेब्रुवारींत राजीनामा द्यावा लागला. पंतप्रधान नेहरूंना आपला एक मोठा सहकारी गमवावा लागला.

आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्याच नेहरूंच्या सरकारनें त्याच छागलांना वॉशिंग्टनास राजदूत म्हणून पाठविलें. वयाच्या साठीस न्यायाधीशानें निवृत्त व्हावें असा तेव्हां नियम होता. म्हणजे छागलांचीं दोन वर्षें शिल्लक होतीं. तीं सोडून ते गेले.

श्रोतेहो, येथें माझ्या विद्यार्थ्याचा प्रश्न खरा सुरू होतो.

या नेमणुकीच्या बाजूनें बोलावयाचें तर पुष्कळ आहे. ज्या माणसानें आठ-दहा महिन्यांपूर्वीं सरकारला अडचणींत आणलें, त्याला सरकारनें बक्षीस दिलें असें कोण म्हणेल? उलट, सरकारनें मनाचा मोठेपणा दाखविला असेंच म्हणावें लागेल. शिवाय छागला परराष्ट्राच्या कामांत अगदीं नवखे नव्हते. १९४६ सालीं विजयालक्ष्मी पंडित यांच्या नेतृत्वाखालीं संयुक्त राष्ट्रांकडे जें भारतीय शिष्टमंडळ गेलें, त्यांत ते होते. दक्षिण आफ्रिकेंतील हिंदी लोकांचा प्रश्न तेथें लढविला गेला होता.

काम कसें केलें, हेंही पाहावें. १९५८ ते १९६१ हा काळ सोपा नव्हता. अमेरिकेची पाकिस्तानशीं लष्करी मैत्री होती, भारताचें अलिप्ततेचें धोरण तेथें पुष्कळांना रुचत नव्हतें, आणि इकडे आपल्याला धान्य व परकीय चलन या दोन्हींची निकड होती. छागला गांवोगांव फिरून, विद्यापीठांतून व सभांतून भारताची बाजू मांडीत. त्या भाषणांचा एक संग्रहच १९६२ सालीं निघाला. डिसेंबर १९५९ मध्यें अध्यक्ष आयसेनहॉवर भारतांत येऊन गेले. मे १९६० मध्यें आपले मुंबईचेच स. का. पाटील अन्नमंत्री या नात्यानें वॉशिंग्टनास गेले आणि चार वर्षांत एक कोट सत्तर लक्ष टन धान्याचा करार झाला. हें सर्व एकट्या राजदूताचें श्रेय नव्हे. पण तें घडत असतांना त्या घराची किल्ली छागलांच्या हातीं होती.

दुसऱ्या बाजूनेंही एक उदाहरण देतां येईल. अमेरिकेनें १९५५ सालीं दिल्लीस जो राजदूत पाठविला, तो जॉन शर्मन कूपर हाही वकील आणि माजी न्यायाधीशच होता. केंटकी राज्यांतील आपल्या जिल्ह्यांत तो १९३० पासून आठ वर्षें न्यायाधीश होता, आणि महायुद्धानंतर पुन्हा कांहीं काळ न्यायासनावर बसला. मध्यंतरीं तो सीनेटरही झाला. दिल्लींत तो जेमतेम वर्ष-दीड वर्ष राहिला. पण परत गेल्यावर, १९५८ सालीं, भारताला भरीव मदत द्यावी असा ठराव सीनेटमध्यें जॉन केनेडी यांच्याबरोबर मांडणारा हाच कूपर होता. दुसऱ्याचें ऐकून घेण्याची न्यायाधीशाची संवय वकिलातींत कशी फळते, याचें हें चांगलें उदाहरण आहे. मात्र एक ध्यानांत घ्या. न्यायासन सोडणें आणि राजदूत होणें यांमध्यें त्याची पुष्कळ वर्षें गेलेलीं होतीं, आणि नेमणुकीला सीनेटची पायरीही होती.

आतां दुसरी बाजू. ती मांडणारे लोकही लहान नव्हते.

१९४९ सालीं घटना समितींत प्राध्यापक के. टी. शहा यांनीं एक दुरुस्ती सुचविली. ज्यानें सलग पांच वर्षें वरिष्ठ न्यायालयाचें न्यायाधीशपद भूषविलें, त्याला पुढें सरकारी कारभारांतील कोणतेंही पद देऊं नये, असा तिचा अर्थ होता. आणि त्या पदांच्या यादींत त्यांनीं राजदूत हा शब्द स्पष्टपणें घातला होता. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांना ती मान्य झाली नाहीं. त्यांचें म्हणणें असें कीं, न्यायालयांपुढें येणारे तंटे बहुतेक खाजगी माणसांचे असतात, सरकारचा त्यांत संबंध क्वचित् येतो, तेव्हां पुढल्या पदाच्या आशेनें न्यायाधीश वाकेल ही भीति फार दूरची आहे. शिवाय न्यायबुद्धीच्या माणसांची सरकारलाही कांहीं कामांकरितां गरज पडते. दुरुस्ती फेटाळली गेली. घटनेनें हिशेबतपासनीसाला, म्हणजे महालेखापरीक्षकाला, निवृत्तीनंतर सरकारी पद घेण्याची मनाई केली. लोकसेवा आयोगाच्या अध्यक्षालाही केली. न्यायाधीशाला मात्र केली नाहीं. आजही ती नाहीं.

बाबासाहेबांचें मत त्यांनीं बोलून दाखविलें त्या दिवशीं खोटें नव्हतें. पण पुढल्या नऊ वर्षांतच चित्र पालटलें. नवीन घटनेनें नागरिकाला मूलभूत हक्क दिले आणि त्याबरोबर सरकारला कोर्टांत ओढण्याचा रस्ताही दिला. कुळकायदा, जमीन, दारूबंदी, कर, परवाने, नोकऱ्या, प्रत्येक ठिकाणीं एका बाजूला नागरिक व दुसऱ्या बाजूला सरकार असे खटले वाढूं लागले. १९५८ सालीं, ॲटर्नी जनरल मोतीलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालील कायदा आयोगानें न्यायदानाच्या सुधारणेवर आपला मोठा चौदावा अहवाल दिला. निवृत्तीनंतर न्यायाधीशानें सरकारी नोकरी स्वीकारणें हें न्यायालयाच्या स्वातंत्र्यास हितकर नाहीं, ती बंद व्हावी, असें त्यांत नमूद केलें आहे. त्या आयोगाच्या सभासदांपैकीं एक होते महंमद करीम छागला. अहवालावरील शाई वाळते न वाळते तोंच ते राजदूत झाले.

सेटलवाड व छागला हे दोघेही मुंबई हायकोर्टांत वाढलेले. तरीही, किंवा कदाचित् म्हणूनच, सेटलवाडांनीं आपल्या आत्मचरित्रांत या गोष्टीबद्दल फार कडक शब्द लिहिले आहेत. मला त्यांतील कडवटपणा घ्यावयाचा नाहीं. पण त्यांतील मुद्दा टाळतांही येत नाहीं.

त्या मुद्द्याची धार हेग येथें दिसून आली. १९५४ सालीं दादरा व नगर हवेली हे मुलूख पोर्तुगिजांच्या हातून सुटले. दमणहून तेथें जाण्याचा आपला हक्क भारतानें नाकारला, अशी फिर्याद पोर्तुगालनें १९५५ च्या डिसेंबरांत आंतरराष्ट्रीय न्यायालयांत गुदरली. ज्या पक्षाच्या देशाचा न्यायाधीश त्या पीठावर नसेल, त्याला त्या खटल्यापुरता आपला एक न्यायाधीश बसवितां येतो. भारताच्या वतीनें बसले छागला. त्यांची ती निवड झाली तेव्हां ते मुंबईचे मुख्य न्यायाधीश होते. पण १२ एप्रिल १९६० रोजीं निकाल लागला तेव्हां ते भारत सरकारचे राजदूत होते. न्यायालयानें बहुमतानें असें ठरविलें कीं, खाजगी माणसें, मुलकी अधिकारी व साधा माल यांना जाऊं देण्याचा हक्क पोर्तुगालला होता, सैन्य व शस्त्रें यांना नव्हता, आणि भारतानें आपलें कर्तव्य मोडलेलें नाहीं. पोर्तुगालच्या त्या हक्काविरुद्ध छागलांनीं आपलें भिन्न मत नोंदविलें. गोमंतकाच्या मुक्तीची आस असलेल्या कोणाही मराठी माणसाला तें मत आवडेल, मलाही आवडतें. पण पोर्तुगालच्या एखाद्या शाळामास्तरानें विचारलें असतें कीं, "हे गृहस्थ न्यायाधीश म्हणून बोलत आहेत कीं राजदूत म्हणून?" तर त्याला आपण काय सांगितलें असतें? नियमांत बसत होतें, एवढेंच ना?

मला यांत छागलांच्या प्रामाणिकपणाविषयीं शंका नाहीं. त्यांचें पुढील आयुष्यच त्याची ग्वाही देतें. १९६७ सालीं शिक्षणाच्या माध्यमाबद्दल सरकारशीं पटेना, तेव्हां त्यांनीं परराष्ट्रमंत्रिपद सोडून दिलें. १९७५ सालीं आणीबाणी आली, त्या वेळीं पंचाहत्तरीला आलेला हा गृहस्थ जाहीर सभेंत तिच्याविरुद्ध बोलला. विकला गेलेला माणूस असें करीत नाहीं.

मग प्रश्न उरतो कोठें? तो मला पुस्तकांत सांपडला नाहीं. माझ्या घराच्या ओट्यावर सांपडला. थोडें स्वतःचें सांगतों, श्रोत्यांनीं क्षमा करावी.

मी निवृत्त होण्यास सहा महिने होते. आमच्या गांवांतील एका संस्थेच्या चालकांनीं मला बोलावून सांगितलें कीं, निवृत्त झाल्यावर आमच्या वाचनालयाची व्यवस्था तुम्ही पाहावी. दरमहा कांहीं मानधन देऊं. मीं आनंदानें हो म्हटलें. नंतर पंधरा दिवसांनीं त्याच संस्थेच्या निबंधस्पर्धेच्या वह्या माझ्याकडे तपासण्यास आल्या. वह्यांवर नांवें नव्हतीं, क्रमांक होते. मीं तीन रात्री बसून त्या वाचल्या, दोनदां वाचल्या, आणि गुण दिले. क्रमांक उघडले तेव्हां पहिला आला तो चालकांचा नातू. दुसरा आला तो एका शिंप्याचा मुलगा. दोघांत दोन गुणांचें अंतर होतें. आजही त्या वह्या कोणी माझ्यापुढें ठेवल्या, तर मी तेच गुण देईन.

दोन दिवसांनीं त्या मुलाचे वडील आले. भांडण्यास नव्हे. ओट्यावर अंग चोरून बसले आणि म्हणाले, "गुरुजी, पोराचं काय चुकलं तेवढं सांगा, म्हणजे पुढल्या खेपेला सुधारील." मीं वही काढून सर्व समजावून दिलें. त्यांनीं मान डोलावली. उठतांना सहज विचारावें तसें विचारलें, "तुम्ही आता वाचनालयात बसणार म्हणे?" मीं होय म्हटलें. "चांगलं झालं," असें म्हणून ते गेले.

त्या "चांगलं झालं" मध्यें टोमणा नव्हता. तोच मला अधिक लागला. त्यांनीं मला दोष दिला नाहीं. जगाची रीत असते तशी ती आहे, असें समजून ते मुकाट्यानें उठून गेले. माझ्या तीन रात्रींची किंमत त्या क्षणीं शून्य झाली. मीं ती जागा नाकारली, असें सांगतां आलें असतें तर बरें झालें असतें; पण मीं ती घेतली आणि एक वर्ष केली. त्या वर्षांत तो मुलगा वाचनालयाची पायरी एकदांही चढला नाहीं. ज्याच्यासाठीं वाचनालय असावें, तोच आला नाहीं.

तेव्हां मला समजलें कीं, न्याय देणाऱ्यानें दुसरें पद घेतलें तर त्याची किंमत तो स्वतः देत नाहीं. ज्यानें त्याच्यापुढें हात जोडून दाद मागितली, तो देतो. छागलांच्या कोर्टांत सरकारविरुद्ध खटला हरलेला एखादा शेतकरी १९५८ सालीं वर्तमानपत्रांत ती नेमणूक वाचून क्षणभर थबकला नसेल, असें कोण सांगेल? त्याचा खटला योग्य रीतीनेंच निकालांत निघाला असेल. पण ती खात्री त्याच्या मनांतून निघून गेली, आणि ती परत देण्यास कोणतेंही अपीलकोर्ट नाहीं.

आपल्याकडे न्यायाधीश म्हटला कीं रामशास्त्री प्रभुणे आठवतात. नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगून ते पुणें सोडून गेले, ही कथा घरोघर माहीत आहे. त्या निकालाला वजन कशानें आलें? दादासाहेबांकडून या माणसाला कांहीं मिळवावयाचें नाहीं, ही गोष्ट सर्वांना दिसत होती, म्हणून आलें. त्यांच्या शास्त्राइतकीच त्यांची निरिच्छता तेथें बोलत होती.

मग न्यायाधीशाला राजदूत करूंच नये काय? इतकें टोकाला जाण्यास माझें मन घेत नाहीं. देशांत जाणतीं माणसें अगोदरच थोडीं. साठी उलटली म्हणून त्यांतलीं निम्मीं कुलुपांत घालणें हें शहाणपणाचें नाहीं. कलकत्ता हायकोर्टाचे एक काळचे न्यायाधीश बेनेगल नरसिंह राव यांनीं संयुक्त राष्ट्रांत भारताची बाजू मांडली आणि मग ते हेगच्या न्यायालयावर गेले. देशाचें त्यांत हितच झालें. मला वाटतें तें इतकेंच कीं, न्यायासन आणि सरकारी पद यांच्यामध्यें कांहीं वर्षांचें अंतर असावें, आणि तें सरकारच्या मर्जीवर न ठेवतां कायद्यानें ठरलेलें असावें. दोन वर्षें म्हणा, तीन म्हणा. आसनावर बसलेल्या माणसाला पुढचें दार दिसूं नये. आणि दार उघडावयाचें तेव्हां अमेरिकेप्रमाणें लोकप्रतिनिधींपुढें उघडावें, म्हणजे ज्याला कांहीं विचारावयाचें असेल त्यानें तें विचारावें.

छागलांच्याच आयुष्यावर हा नियम लावून पाहा. ते साठीपर्यंत आसनावर राहिले असते तर १९६० च्या सप्टेंबरांत मोकळे झाले असते. दोन-तीन वर्षें थांबावें लागलें असतें. १९६२ सालीं ते लंडनला भारताचे हायकमिशनर म्हणून गेले, हा इतिहासच आहे. आणि त्या दुसऱ्या नेमणुकीवर न्यायालयाच्या दृष्टीनें कोणी फारसें बोट ठेवीत नाहीं, कारण तोंवर हायकोर्ट सोडून त्यांना तीन वर्षें उलटलीं होतीं. देशाचें नुकसान काय झालें असतें? वॉशिंग्टन येथील तीन वर्षांची त्यांची सेवा. तें नुकसान मी लहान मानीत नाहीं. पण कोर्टाच्या पायरीवरून हरून उतरणाऱ्या माणसाचा विश्वास हें धन त्याहून मोठें आहे. तें एकदां गेलें कीं कोणत्याही करारानें परदेशांतून आणतां येत नाहीं.

आणि हा विषय १९५८ बरोबर संपलेला नाहीं. २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयाचे एक निवृत्त सरन्यायाधीश राज्यपाल झाले. २०२० सालीं दुसऱ्या एका निवृत्त सरन्यायाधीशांची राज्यसभेवर नेमणूक झाली. प्रत्येक वेळीं तोच वाद उठतो, व्यक्तीच्या गुणदोषांवर चार दिवस चर्चा होते आणि सर्व पुन्हा शांत होतें. चर्चा व्यक्तीची होते, म्हणूनच नियम होत नाहीं. माणूस चांगला असला तर नियम नको वाटतो, आणि वाईट असला तर नियमाची वेळ निघून गेलेली असते. छागलांसारख्या निष्कलंक माणसाचें उदाहरण मीं मुद्दाम घेतलें तें यासाठींच.

तेव्हां मागच्या बांकावरच्या माझ्या त्या विद्यार्थ्याला, तो आतां स्वतः चार मुलांचा बाप असेल, एवढेंच सांगतों. बाळा, ती बढती नव्हे आणि उतरतीही नव्हे. एका घरांतून दुसऱ्या घरांत जाणें आहे, आणि दोन्ही घरें देशाचींच आहेत. फक्त मध्यें एक अंगण असावें. तें ओलांडण्यास जो वेळ लागतो, तेवढ्या वेळांत पाहणाऱ्या लोकांची खात्री पटते कीं, हा माणूस पहिल्या घरांत बसला होता तेव्हां त्याची नजर दुसऱ्या घराच्या दाराकडे नव्हती.

त्या दिवशीं वर्गांत हें उत्तर मला देतां आलें नाहीं, याबद्दल त्यानें मला क्षमा करावी.